दीक्षाभूमीच्या वाटेवर घोटभर पाणी

अशोक विजयादशमीच्या आदल्या दिवशी नाशिक रोडला नागपूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरी वस्त्रे, निळे झेंडे, फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी. मनमाडला आणखी माणसे चढली, भुसावळला आणखी. "सरका बाबा, दीक्षाभूमीला जायचंय," म्हटले की चार बोटे जागा होत होतीच. माझ्याबरोबर दहावीतला मुलगा आणि चौदा वर्षांची भाची होती. दोघांचीही ही पहिलीच खेप.

अकोल्याला आमच्या डब्यात एक तृतीयपंथी चढली. पांढरी साडी, खांद्याला पिशवी. तिला पाहताच समोरच्या बाकावरच्या पोरांनी एकमेकांना कोपराने ढोसले. एकाने तळहात आडवे करून टाळी वाजवली. माझा मुलगा हसला आणि त्यानेही तशीच टाळी वाजवली. भाची अंग चोरून मला बिलगली. आणि मी? सवयीने दहाची नोट काढली आणि तिच्या तोंडाकडे न बघता पुढे केली.

"ताई, पैसे नकोत. मीही दीक्षाभूमीलाच चाललेय," ती म्हणाली. मग मुलाकडे वळून, "बाळा, घोटभर पाणी देतोस?"

मुलाने बाटली मागे घेतली.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे या मुलाला लहानपणापासून पाठ आहे. परीक्षेत विचारले तर पूर्ण गुण मिळवील. मी त्याच्या हातातून बाटली घेतली. तोवर तिने, कोणी न सांगता, पिशवी खाली ठेवून ओंजळ पुढे धरली होती. माझ्या पोटात कालवले. माझी आजी गावात अशीच ओंजळीने पाणी प्यायची; वरून ओतणारे दुसरे असायचे. मी ओतले नाही. बाटली तिच्या हातात दिली.

बडनेरा गेल्यावर भाचीने धीर करून विचारले, "तुम्ही शाळेत गेला होता?" "आठवीपर्यंत," ती म्हणाली. "मास्तरांनी काढलं नाही गं. वर्गातल्या पोरांच्या टाळ्यांनी काढलं. मधल्या सुट्टीत बाहेर जायची भीती वाटायची." मुलगा खिडकीबाहेर बघत होता, पण ऐकत होता.

आपल्या लोकांना हे नवे नसावे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचे कलम होते. बायकी वेश करून रस्त्यावर नाचगाणे करणाऱ्या नोंदीतल्या माणसाला शिक्षा होती. तो शिक्का एकाच हाताने मारलेला आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, तीही संविधानातील समतेच्या कलमांच्याच आधारे. पण कोर्टाचा निकाल रेल्वेच्या डब्यात आपोआप चढत नाही. तो आपल्याला बरोबर न्यावा लागतो, आणि घरातल्या पोरांच्या हाती द्यावा लागतो. टाळी वाजवायला पोरे आईच्या पोटातून शिकून येत नाहीत. आपण नजर चुकवून नोट पुढे करतो, तेथूनच ती शिकतात.

नागपूरला उतरताना ती "जय भीम" म्हणाली. भाचीने "जय भीम" म्हटले. मुलगा काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी स्तूपासमोर बावीस प्रतिज्ञांचे पठण झाले. नववी प्रतिज्ञा सर्व माणसे समान मानण्याची आहे. दहावी समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची. बाबासाहेबांनी या दोन वेगळ्या ठेवल्या, त्याचे कारण मला संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानांपाशी उमगले. तेथून जाणाऱ्या दुसऱ्या एका तृतीयपंथीला पाहून काही पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलाने वाजवली नाही. पण त्या पोरांना "थांबा" असेही म्हटले नाही. मीही म्हटले नाही.

नववी आम्ही पाळली. दहावी अजून बाकी आहे.