स्वभावाला औषध

पाहुण्यांसमोर वडील हसत सांगतात, ‘हा पहिल्यापासूनच भित्रा, स्वभावाला औषध नाही.’ मोठ्यांच्या दृष्टीने तो विनोद असतो. ताटाकडे पाहत बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला मात्र तो कायमचा निकाल वाटतो. मग वर्गात कोणी चिडवले तरी ‘मी असाच, तेही तसेच’ या समजुतीने एका दिवसाचे दुःख जन्माचे होऊन बसते.

एड्रियाना मिउ व डेव्हिड येगर यांनी अमेरिकेत नववीच्या सुमारे ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना, माणसे बदलू शकतात, छळणाराही कायम तसाच राहत नाही, असा मजकूर वाचावयास दिला आणि तेच पुढील विद्यार्थ्यांसाठी लिहावयास सांगितले. इतरांना खेळातील कौशल्याविषयीचा मजकूर मिळाला. नऊ महिन्यांनी या इतरांमध्ये नैराश्याची लक्षणे वाढलेली आढळली. पहिल्या गटात तशी वाढ दिसली नाही.

‘मनावर घे, बदल’ असे दटावणे म्हणजे हे नव्हे. त्याने अपराधीपणाच वाढतो. नैराश्य जडले असेल तर डॉक्टरांकडेच जावे लागते. पण तेथे जाण्यासाठीही आपण बरे होऊ शकतो, एवढे आधी वाटावे लागते. ‘पहिल्यापासूनच भित्रा’ ठरलेला मुलगा त्याविषयी घरात बोलतही नाही.