झिरोच्या भातशेतात रॉक

‘झिरो’ हे खरंच एका जागेचं नाव आहे, हे घरी पटवून द्यायला मला नकाशा उघडावा लागला. अरुणाचल प्रदेशातलं, समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून उंच असलेलं हे खोरं. सप्टेंबरच्या अखेरीस इथे चार दिवस ‘झिरो फेस्टिव्हल ऑफ म्युझिक’ भरतो. स्थानिक तरुण बॉबी हानो आणि दिल्लीच्या ‘मेनव्होपॉज’ बँडचा गिटारवादक अनुप कुट्टी यांनी २०१२ मध्ये तो सुरू केला. देशभरातले इंडी बँड इथे वाजवायला येतात.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मागे मोठी म्युझिक कंपनी नाही, सिनेमाचा आधार नाही. गाणी स्वतः लिहायची, पदरच्या पैशाने रेकॉर्ड करायची आणि नोकरी किंवा कॉलेज सांभाळून प्रॅक्टिस करायची. अशा नव्या बँडला अनोळखी श्रोत्यांसमोर मिळणारा अर्धा-पाऊण तास फार मोलाचा असतो.

आम्ही ऑफिसातले तिघं हैदराबादहून गुवाहाटीला विमानाने गेलो, तिथून रात्रीच्या रेल्वेने नाहरलगुन आणि पुढे शेअर सुमोने सुमारे शंभर किलोमीटर घाटरस्ता. अरुणाचलात शिरायला ‘इनर लाइन परमिट’ लागतं. ते ऑनलाइन मिळतं, निघण्याआधीच काढून ठेवा. रेनकोट आणि गमबूटही विसरू नका.

घाट संपला आणि समोर सपाट, पिवळसर हिरवी भातशेती पसरली. भोवती पाइन आणि बांबूची राई. इथले आपातानी लोक भाताच्या खाचरातच मासे पाळतात आणि बांधावर नाचणीसारखं धान्य घेतात. फेस्टिव्हलची स्टेजंही गावातले कारागीर बांबूनेच बांधतात. स्टेज दोन, एक दिवसाचं आणि एक रात्रीचं. त्यांची नावं सूर्य आणि चंद्र यांच्यावरून ठेवलेली आहेत, कारण इथल्या अनेक जमाती सूर्यचंद्रांना ‘डोन्यी-पोलो’ म्हणून पूजतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. ॲम्प्लिफायरवर प्लॅस्टिक घालून चार पोरांचा एक बँड उभा राहिला. मुलं झिरोजवळचीच, विशीतली. ड्रमवाल्याने एकेक ड्रम वाजवून दाखवला, साऊंडवाल्याने अंगठा वर केला, इतकीच तयारी. पहिली दोन गाणी इंग्रजीत होती. बरी होती, लोकांनी टाळ्या दिल्या. मग गायक हिंदीत म्हणाला, “आता जे गाणं आहे ते माझ्या आजीलाही कळेल.”

गाणं आपातानीत होतं. गिटार तीच, ड्रमचा दणका तोच, पण समोरची गर्दी बदलली. छत्र्यांखालच्या बायका पुढे सरकल्या. खाण्याच्या स्टॉलवरची एक मावशी हातातला झारा तसाच धरून ऐकत उभी राहिली. मला एक शब्द कळत नव्हता, तरी अंगावर काटा आला.

संध्याकाळी शेकोटीपाशी त्यांचा बेसवाला भेटला. शाळा इंग्रजी-हिंदीत झालेली, त्यामुळे गाण्यातले निम्मे शब्द आजीला विचारून घातलेत, असं त्याने सरळ सांगितलं. २०११ च्या जनगणनेत आपातानी बोलणारे पन्नास हजारांच्या आत होते. ईशान्येत असं करणारा हा काही एकटा बँड नाही. मणिपूरचे रुबेन मशांगवा तांगखुल नागा लोकसंगीताला ब्लूजची जोड देतात. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अरुणाचलचा ताबा चाके न्यिशीतही गातो, आणि त्याच्या पहिल्या अल्बमचं नाव ‘बॉम्बे ड्रीम्स’ आहे.

आपली मराठी आठ कोटींहून अधिक लोकांची. तरी काचीगुड्यात राहणारा माझा मावसभाऊ गिटार सुरेख वाजवतो आणि गाणी लिहितो फक्त इंग्रजीत. कारण विचारलं तर म्हणतो, “दादा, माझी मराठी शुद्ध नाही ना.” घरात मराठी, हिंदी, तेलुगू एकाच वाक्यात नांदतात आणि पाहुणे आले की त्याच्या मराठीला हसतात. मग तो गप्प बसतो. झिरोतली ती मुलं अडलेला शब्द आजीला विचारत होती. आपल्याकडे अडलेल्या शब्दावर हसू येतं आणि गाणं तिथेच थांबतं.

म्हणून मंडळाला एक विनंती. यंदाच्या गणेशोत्सवात अर्धा तास पोरांच्या बँडसाठी ठेवा. नाट्यगीतं, भावगीतं आहेतच. हा अर्धा तास त्यांनी स्वतः लिहिलेल्या मराठी गाण्यांचा. व्याकरण कुणी तपासायचं नाही. मावसभावाने दोन ओळी पाठवल्यासुद्धा आहेत. त्यात ‘ट्रॅफिक’ आहे आणि आपल्या हैदराबादचा ‘नक्को’ही आहे. आणि हा ‘नक्को’ तरी मुळात कुठला? मराठीतल्या ‘नको’चाच की!