फिलिपिन्सचे शेजारपण

जामबागेतून पूर्वी वैद्यकीच्या शिक्षणासाठी मुले औरंगाबादेस वा मिरजेस जात. अलीकडे एखादे मूल फिलिपिन्समधील दावाव या शहरी जाते. हैदराबादेतील कितीतरी कुटुंबांची मुले तेथे आहेत. माझी कन्या तेथे शिकत असताना २०१९ साली मीही तीन आठवडे राहून आलो. तेव्हापासून शेजारपाजारचे पालक येऊन विचारतात, “सर, तिकडे खायचे काय?”

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपे आहे. भात तिन्ही त्रिकाळ मिळतो, केळी-आंबे विपुल, आणि भारतीय मुलांसाठी खानावळीही निघाल्या आहेत. अवघड आहे ते ‘नको’ म्हणणे.

आपल्या हैदराबादने मराठीतला हा शब्द उचलून त्याचा ‘नक्को’ केला आणि शहरभर खणखणीत वाजविला. तिकडे मात्र चारचौघांत नकार देणे म्हणजे समोरच्यास खाली पाहावयास लावणे. राष्ट्रभाषेत ‘हिया’ म्हणतात त्या लज्जेला, संकोचाला तेथे फार मोल. माणसे तोंडावर नाही म्हणत नाहीत. हसतात, ‘बघू’ म्हणतात, आणि जाणत्याने काय ते ओळखावे.

कन्येच्या घरमालकिणीने स्वतःच्या वाढदिवशी ‘पान्सित’ केले होते. या लांब शेवया दीर्घायुष्याचे चिन्ह म्हणून वाढदिवसाला हव्यातच. त्यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. तुकडे काढून ठेवले की पदार्थ शाकाहारी झाला, अशी तिकडची सरळ समजूत. रश्श्यातील माशाचे पाणी तर कोणी हिशेबातच धरीत नाही. कन्येने पाहुण्यांसमोर ताट परत केले. बाईंच्या चेहऱ्यावरचे हसू ढळले नाही, मात्र पुढे आठवडाभर त्या तिच्याशी कामापुरतेच बोलल्या. परक्या देशी, एकट्या मुलीला, एकाच छपराखाली असा अबोला किती जड गेला असेल, हे तिच्या आईला फोनवरील आवाजावरूनच कळले.

आईने उपाय सांगितला तो आपल्याच घरचा. कन्येने साजूक तुपातला शिरा केला, बाईंच्या पुढ्यात वाटी ठेवली आणि त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. ‘मानो’ म्हणतात ती वडीलधाऱ्यांना वंदन करण्याची ही रीत. मग एकांतात आपले व्रत समजावून सांगितले. पुढल्या वाढदिवशी तिच्यासाठी पान्सितची वेगळी कढई चढली, तीही माशाच्या पाण्यावाचून.

मी त्या घरी गेलो तेव्हा शिक्षक म्हणून माझा जो मान झाला, तो येथे सेवेत कधी वाट्याला आला नव्हता. त्यांच्या राष्ट्रभाषेत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात. मुखाला ‘मुखा’, आणि दरिद्री माणसाला ‘दुखा’! स्पेनचे राज्य १५६५ पासून १८९८ पर्यंत, त्यानंतर १९४६ पर्यंत अमेरिकेचा अंमल, तरी आपल्या संस्कृताची ही नाणी तेथे चालतातच. ५ सप्टेंबरला आपला शिक्षकदिन एका हारात आटोपतो. त्यांचा शिक्षकमास त्याच दिवशी सुरू होऊन ५ ऑक्टोबरपर्यंत चालतो. नाताळचे दिवे आणि गाणीही सप्टेंबरातच सुरू होतात. आपल्याकडे गणपती, त्यांच्याकडे नाताळ, गोंगाट सारखाच.

दावावची रोजची बोली मात्र राष्ट्रभाषेहून वेगळी, बिसाया. जीपनीत बसलात तर पैसे शेजाऱ्याच्या हाती द्यावेत. हातोहात ते चालकाकडे जातात आणि सुटे तसेच परत येतात. उतरायचे झाले की ‘लुगार लांग’ म्हणावे. मनिलात हेच ‘पारा पो’. स्नानगृहात ‘ताबो’ नावाचा तांब्या असतो, हे ऐकून आमच्या वृद्ध मातोश्रींची निम्मी चिंता मिटली. कोणी जेवता जेवता ‘या, जेवा’ म्हटले तर लगेच पाट मांडू नये. आपल्याकडल्या ‘जेवून जा’सारखाच तो शिष्टाचार. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह झाला तर बसावे.

सामानात हिंग, गोडा मसाला आणि लहान कुकर असावा. सुट्टीहून परतताना रिकाम्या हाताने जाऊ नये. प्रवासाहून येणाऱ्याने घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणलेल्या वानोळ्याला तेथे ‘पासालुबोंग’ म्हणतात आणि त्याची वाट पाहिली जाते. आमच्या कन्येच्या घरमालकिणीला उस्मानिया बिस्किटे आवडतात. दोन डबे न्यावे लागतात, कारण एक शेजारणींतच संपतो.