वहीतली नदी

आईची प्रार्थनेची एक वही होती. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या मुलांची असते तशी. दिवेलागणीला ती ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत म्हणायची आणि मग वही उघडून त्यातली नावं एकेक करून वाचायची. आजारी शेजारीण, परीक्षेला बसलेला नातू, नगरची कुणी मावसबहीण. माणूस बरा झाला की नावापुढे तारीख पडायची. गेला की क्रूस.

आईचं माहेर नगरचं. लग्न होऊन ती इंदूरला आली तेव्हापासून चर्च हिंदी, शेजार हिंदी, बाजार हिंदी. तीही सगळ्यांशी सफाईने हिंदी बोलायची. देवाशी मात्र मराठीच. त्यामुळे दरवर्षी मार्चच्या पहिल्या शुक्रवारी येणाऱ्या जागतिक प्रार्थना दिनाची पुस्तिका घरी आणून तिला तोंडी मराठीत सांगणं हे माझं काम.

हा दिवस स्त्रियांचा. 1887 साली अमेरिकेत मेरी जेम्स या बाईंनी हाक दिली आणि प्रेस्बिटेरियन स्त्रिया प्रार्थनेसाठी एकत्र आल्या. आमच्या इंदूरचं ख्रिश्चन कॉलेजही त्याच वर्षीचं, म्हणून मला ते साल पाठ आहे. 1927 पासून हा दिवस जगभर होऊ लागला. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया उपासना लिहितात आणि दीडशेहून अधिक देशांतल्या स्त्रिया तीच उपासना आपापल्या भाषेत करतात. त्याचं ब्रीद मराठीत मी असं सांगते : जाणून प्रार्थना, प्रार्थनेतून कृती. पहिल्या दोन शब्दांवरून मी कितीतरी वर्षं नुसतीच पुढे जात होते.

2018 ची उपासना सुरीनामच्या स्त्रियांनी लिहिली होती. वाचन उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं. देवाने केलेलं सगळं फार चांगलं आहे, हा विषय. मी पुस्तिका वाचायला लागले तशी आईने हात वर केला. “थांब. हे सुरीनाम कुठे आलं?”

“दक्षिण अमेरिकेत.”

“तिथे कोण राहतं? काय खातात? ठाऊक नसलेल्या माणसांसाठी काय मागू मी?”

मला सांगता येईना. मुलाचा जुना शालेय नकाशासंग्रह माळ्यावरून काढला, दोन दिवस जमेल तेवढं वाचलं आणि तिच्यापुढे बसले. ब्राझीलच्या डोक्यावर बसलेला चिमुकला देश, नव्वद टक्क्यांहून अधिक जंगल. 1975 पर्यंत डचांच्या ताब्यात. तिथले मूळ आदिवासी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज, जावानी, चिनी, आणि हिंदुस्तानी. हिंदुस्तानी म्हणताच आई सरसावून बसली. 1873 मध्ये ‘लाला रूख’ नावाचं जहाज कलकत्त्याहून निघालं आणि 5 जूनला सुरीनामला पोचलं. उसाच्या मळ्यांवर करारावर राबायला नेलेली पहिली माणसं त्यात होती. 1916 पर्यंत अशी चौतीस हजारांवर माणसं गेली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. त्यांची बोली अजून तिथे बोलली जाते.

तिथल्या जंगलात सोनं सापडतं हेही सांगितलं. सोन्याची माती पाऱ्यात कालवतात, पारा सोन्याला धरून ठेवतो, मग तापवून तो उडवून लावतात. हाती सोनं उरतं, पारा हवेत आणि नदीत जातो. तिथून माशांत, आणि मासे खाणाऱ्या बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत. बोलताना माझं लक्ष स्वतःच्या बांगड्यांकडे गेलं. आईचंही गेलं असावं. ती काही बोलली नाही. वहीत तिने लिहिलं : सुरीनाम. नद्या. गरोदर बाया.

चर्चमधल्या तयारीच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. कुणीतरी म्हणालं, प्रार्थनेत पारा आणि खाणी कशाला, स्तुती करावी आणि घरी जावं. त्या दिवशी कॅथलिक चर्चमधून एक सिस्टर आल्या होत्या. हा दिवस आम्ही मिळून करतो. चारच महिन्यांपूर्वी, 4 नोव्हेंबर 2017 ला, इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं गेलं होतं. त्या गर्दीत मीही होते. पाहुण्या सिस्टरनी त्यांचीच गोष्ट काढली. केरळच्या राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासींमध्ये राहत. सावकाराकडे जाऊ नका, बँकेचं कर्ज मिळतं, सरकारी योजना आहे, अर्ज असा भरायचा, हे त्या गावोगाव फिरून सांगत. त्यामुळे ज्यांचं नुकसान होत होतं त्यांनी 25 फेब्रुवारी 1995 रोजी, इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, भर दिवसा त्यांना भोसकून मारवलं. पुढे त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. एवढं सांगून सिस्टर म्हणाल्या, “अर्ज भरना सिखाती थीं, वही उनकी प्रार्थना थी.” त्यानंतर कुणी हरकत घेतली नाही. मैदानावर मी त्यांच्या मरणासाठी रडले होते. त्या माहिती सांगत होत्या म्हणून मेल्या, हे मला त्या बैठकीत उमगलं.

त्या वर्षी पहिल्या शुक्रवारी, 2 मार्चला, धुळवड आली. म्हणून उपासना शनिवारी घेतली. त्यात सुरीनामच्या वेगवेगळ्या समाजांच्या स्त्रियांची मनोगतं होती, त्यातलं हिंदुस्तानी बाईचं आमच्या गोरखपूरच्या भाभींना दिलं. वाचता वाचता त्या थांबल्या. त्यांच्या पणजोबांचा भाऊ कलकत्त्याला म्हणून गेला तो परत आलाच नाही, एवढंच बोलल्या आणि पुढे वाचू लागल्या.

चहाच्या वेळी कोपऱ्यात बसलेली एक तरुण बाई माझ्याजवळ आली. धुणीभांडी करते, घर खान नदीच्या काठच्या वस्तीत. हळूच म्हणाली, “दीदी, उनकी नदी के लिए तो माँगा. हमारी वाली का नाम ही नहीं आया.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. खान कृष्णपुरा छत्र्यांच्या पायाशी वाहते. लहानपणापासून मी तिला नाला म्हणत आले. कागदोपत्री तिला कान्ह म्हणतात तेवढंच. आम्ही पाणी पितो ते नर्मदेचं, जलूदहून 70 किलोमीटर चढवून आणलेलं. मग आपल्या नदीकडे बघायचं कशाला?

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, चालूच होता. उरलेल्या शनिवारी आम्ही सहा-सात जणी प्रार्थनेनंतर नदीकडे चालत निघू लागलो. दुसऱ्या शनिवारी आमच्याच चर्चच्या आवारातल्या शौचालयाच्या पाइपाचा माग काढला. तो कुंपणाखालून मागच्या ओढ्यात उघडा पडत होता, आणि ओढा खानमध्ये. शहर तेव्हा स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं. ओला आणि सुका कचरा आम्ही काटेकोर वेगळा ठेवत होतो, त्याचा अभिमानही होता. पाइपाच्या त्या तोंडाशी उभ्या राहून आम्ही कुणीच काही बोललो नाही. पुढे 2021 मध्ये इंदूरला ‘वॉटर प्लस’ दर्जा मिळाला तो असली हजारो तोंडं बंद करून. आमचं आम्ही त्याआधी बंद केलं. खड्डा बांधायला वर्गणी जमवताना तीन महिने गेले, आणि सुरीनामच्या मदतीसाठी पैसे देणारे काही जण गटारासाठी द्यायला तयार नव्हते. त्यांचा मला राग आला होता. अजून पुरता गेलेला नाही.

पाइपाचं आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नकाशा आण.” दृष्टी अधू झाली होती, म्हणून तिचं बोट धरून मी निळ्या रेघेवर ठेवलं. खान उज्जैनजवळ शिप्रेला मिळते. शिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. गंगेचा एक फाटा हुगळी होऊन कलकत्त्याला जातो. तिथे तिचं बोट थांबलं.

“ते जहाज इथूनच सुटलं ना?”

“हो.”

दुसऱ्या दिवशी तिने रिक्षा करायला लावली. कृष्णपुऱ्याच्या पायऱ्यांवर ती बसली. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीचा गुलाल दगडांच्या फटींत अजून होता. पाणी काळं होतं आणि वास येत होता. तिने पदर नाकाला लावला नाही. पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली आणि सुरीनामच्या खाली लिही म्हणाली.

मी सवयीने ‘खान ना’ इतकं लिहिलं असेल. अक्षर दिसत नव्हतं तरी पेन कुठे वळतंय ते तिला कळलं असावं.

“नाला नको. नदी लिही.”

मी खोडून पुन्हा लिहिलं. आईच्या नावापुढे मी क्रूस काढला त्याला आता काही वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे. खानपुढे तारीख टाकायची जागा अजून रिकामी आहे.