नदीचें मूळ आणि नदीचें मुख

नदीचें मूळ व ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपले पूर्वज सांगून गेले आहेत. नदीच्या मुखाची चौकशी करूं नये, असें मात्र त्यांनीं म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तरीहि ती चौकशी आपण सारेच टाळीत आलों आहों. घाण पाण्यांत गेली म्हणजे ती नाहींशी झाली, हा आपल्या नागरिकशास्त्राचा पहिला व बहुधा शेवटचा सिद्धान्त होय.

आम्ही बदलापूरकर. उल्हास नदी सह्याद्रींतून उतरून कर्जत-नेरळावरून आमच्या गांवीं येते. तिचेंच पाणी आम्ही पितों. पुढें कल्याणाजवळ तिला वालधुनी मिळते. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी ती हीच. मंदिरांतील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हें साल आहे. ज्या पाण्याकांठीं शिलाहारांनीं देव बसविला, त्यांतच आज कारखान्यांचीं रसायनें व उल्हासनगरचें सांडपाणी मिसळतें.

उन्हाळ्यांत उल्हासच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरतो. पुलावरून जाणाऱ्या पाहुण्यास तो शोभिवंत वाटतो. आम्हांस तो तापकऱ्याच्या गालांवरील लालीसारखा दिसतो. सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजते, तसेंच शेवाळहि माजतें. दिवसां तें प्राणवायु सोडतें, रात्रीं तोच ओढून घेतें, आणि मेल्यावर कुजतांना उरलासुरला संपवितें. म्हणूनच अशा पाण्यांत मासे बहुधा पहांटे मरतात. कांहीं जाती तर याच्याहि पुढें जातात. नीलहरित शेवाळांपैकीं मायक्रोसिस्टिस ही जात यकृताचा नाश करणारें विष निर्माण करते.

हें विष गोड्या पाण्यांतलें. समुद्राला त्याचें काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कॅलिफोर्नियांतील समुद्री पाणमांजरांनीं प्राण देऊन दिलें आहे. हा प्राणी तेथें नामशेष होण्याच्या भीतीनें कायद्यानें रक्षिलेला. माँटरे उपसागराच्या परिसरांतील अशा २१ पाणमांजरांच्या मृत्यूचा संबंध या विषाशीं जुळला, आणि तो अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. पिंटो सरोवरासारख्या गोड्या जलाशयांत वाढलेलें विष ओढ्यानद्यांवाटें समुद्रांत उतरतें, शिंपले तें आपल्या अंगांत सांठवितात आणि शिंपले खाणारा मरतो, असा हा सरळ हिशेब आहे. तें विष उकळल्यानेंहि जात नाहीं.

उल्हास वसईच्या खाडीवाटें अरबी समुद्रास मिळते. तिसऱ्या व कालवें काढून पोट भरणारीं कुटुंबें आपल्या खाड्यांच्या कांठीं आहेत, आणि तिसऱ्यांचें कालवण आमच्याहि घरीं आवडीनें होतें. पाणी गाळून जगावें व त्यांत येईल तें अंगीं सांठवावें, हा शिंपल्याचा धर्म. तो कॅलिफोर्नियांत एक आणि वसईस दुसरा, असें नाहीं. आपल्या खाडींत तें विष आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. तें येण्याची वाट आपण मोकळी ठेविली आहे, एवढेंच आम्ही म्हणतों. मेलेल्या प्राण्यांची साक्ष मिळेपर्यंत थांबावें, असा नियम कोणीं घातला आहे?

नाल्याचें पाणी शुद्ध करूनच नदींत सोडावें, हा उपाय कोणास ठाऊक नाहीं? पाणीपट्टी वाढली कीं आमच्या वसाहतींत सभा भरते. वापरून सोडलेल्या पाण्यासाठीं भरलेली सभा अजून आमच्या पाहण्यांत नाहीं. तशी ती भरलीच, तर पहिल्या रांगेंत एक खुर्ची आमच्यासाठीं धरून ठेवावी.