हितकारिणीचं ऋण

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, फळीवरच्या डब्यात लाल बावट्याच्या युनियनची पावती. पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून वंदनेला जायची आणि मजुरीचा किंवा छाटीचा, म्हणजे खराब ठरवून बाद केलेल्या विड्यांचा, प्रश्न आला की पद्मशाली बायकांबरोबर मोर्चात चालायची. कॉलेजात जाऊ लागल्यावर मला हे खटकायला लागलं. एक काहीतरी धर, असं मी तिला सुनवायची.

“मजुरी वाढायची तर बावटा लागतोय,” ती म्हणायची. “पण मला माणूस कुणी केलं, ते मी इसरत नाही.”

या बोलण्यामागची समज मला तेव्हा नव्हती. ती आली पेठेतल्या एका वृद्ध कार्यकर्त्यांमुळे. त्यांनी मला बहिष्कृत हितकारिणी सभेविषयी वाचायला लावलं. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या या सभेचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत पारशी होते, ज्यू होते, र. पु. परांजप्यांसारखे बुद्धिवादी होते, बाळासाहेब खेर होते. कार्यकारी मंडळाची सूत्रं मात्र बाबासाहेबांकडे. ४ जानेवारी १९२५ ला याच सभेनं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं, ते आमच्या सोलापुरात. मुलांचं जेवणखाण, कपडे, वह्या-पुस्तकं सभा बघायची, नगरपालिका ४० रुपये अनुदान द्यायची आणि देखरेख जिवाप्पा ऐदाळे करायचे. तिथल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिकही चालवलं. हे सगळं माझ्या गावात घडलेलं, आणि मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं!

बाबासाहेबांनी मदत सगळ्यांची घेतली, पण मतभेद झाकले नाहीत, हे मला त्या वाचनानं शिकवलं. महाडला १९२७ मध्ये मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडानं धरावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ वाटे. कामगार पुढाऱ्यांना हा प्रश्न आपला वाटत नव्हता. बाबासाहेबांनी तो त्यांच्यासमोर मांडला. आईच्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला इथे लागला. मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत रेल्वे कामगारांना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ते कम्युनिस्टांच्या जोडीनं कामगारांच्या संपात उतरले. नोव्हेंबर १९५६ मध्ये मात्र काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी हिंसेचा आणि हुकूमशाहीचा मार्ग स्पष्ट नाकारला. दारिद्र्य आणि शोषण संपवायचं, हे ध्येय त्यांनी सोडलं नाही.

हे वाचून मी आईशी वाद घालणं थांबवलं. पुढे युनियनच्या बैठकीत दलितांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या वेगळ्या भांड्याविषयी बोलायचं धाडस मला झालं, आणि बुद्धविहारात किमान वेतनाचा विषय काढायचंही. दोन्हीकडे नाराजी झाली. ती सोसण्याचं बळ मला या इतिहासानं दिलं; माझं स्वतःचं असं त्यात थोडंच होतं.

आज मी विडी कामगारांच्या मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. कुणाला कामगार कल्याणाची मिळते, कुणाला जातीच्या दाखल्यावर. अर्ज भरता भरता मी त्यांना ऐदाळ्यांचं नाव सांगते आणि त्या वसतिगृहाला मदत करणाऱ्यांत कोण कोण होतं, तेही.