टाका मारायचा की नाही?

आईच्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी कडीपाशी फाटली. पुतळीचं सोनं जवळजवळ चोवीस कॅरेटचं, म्हणजे मऊ. कडी कमी कसाची, कडक. वर्षानुवर्षं ओढ बसून काठाचा लचका निघाला होता. वसईजवळच्या आगाशीतल्या सोनाराला दाखवली तर तो म्हणाला, “टाका मारून फट बुजवतो ताई, घासून उजाळा देतो. नव्यासारखी दिसेल.” भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यामुळे आई लगेच तयार झाली. मीच अडून बसले.

त्याला कारण होतं. माळेतल्या बाकीच्या पुतळ्यांवरची अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या. व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याच्या अशा नकला आपल्याकडे भरपूर पाडल्या गेल्या. ही मात्र वेगळी होती. भिंगाखाली धरली तर सेंट मार्क उभा, त्याच्यासमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा सत्ताधीश, आणि दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. (दक्षिणेत लोकांना हाच डोज ताडावर चढणारा शाणार वाटला. वसईच्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये.) डोजच्या पाठीमागे कडेनं ‘मोचेनि’ एवढं स्पष्ट वाचता येत होतं. पुढची अक्षरं झिजलेली, आणि त्यांच्याच वर ती फट.

आता आमच्या घरातली आख्यायिका अशी की ही पुतळी चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली. किल्ला पडला 1739 मध्ये. आल्विझे मोचेनिगो या नावाचे डोज चार झाले. चौथा 1763 ते 1778 या काळातला. नाणं त्याचं असेल तर आख्यायिका तिथेच संपली. पण तिसरा 1722 ते 1732 मधला आणि दुसरा 1700 ते 1709 मधला. त्यांच्यापैकी कुणाचं असेल तर निदान शक्यता उरते. अक्षरांची ठेवण आणि शिक्क्याचं वळण पाहून जाणकार हे सांगू शकेल. टाक्याचं सोनं वितळून अक्षरांत उतरलं, वरून घासलं, की मग कुणीच सांगू शकणार नाही.

किमतीचा मुद्दा मी काढलाच नाही. संग्राहकांच्या लेखी पहिली कडी डकवली तेव्हाच पुतळीची किंमत उतरली. साडेतीन ग्रॅम सोन्याचा भाव काय तो हमखास.

“गळ्यात घालायची वस्तू आहे, कपाटात ठेवायची नाही,” आई म्हणाली. तेही खरंच होतं. कपाटात ठेवा असं मला म्हणायचंच नव्हतं. शेवटी सोनाराला सांगितलं: सोन्याचं बारीक कडं कर, कडी त्या कड्याला आधीच जोड, आणि पुतळी आत बसवून कड नुसती दाबून घे. पुतळीला आच लागता कामा नये, घासायची तर अजिबात नाही. फट तशीच राहू दे. “लोक मला नावं ठेवतील,” तो कुरकुरला. मजुरीही टाक्यापेक्षा जास्त घेतली. काम मात्र नेटकं केलं.

कड्यामुळे ती इतरांपेक्षा मोठी दिसू लागली, तेव्हा आईनं ती मधोमध ओवायला लावली. लग्नात जी कुणी विचारेल तिला चिमाजी अप्पांची गोष्ट सांगत होती. चौथ्या मोचेनिगोचं मी तिला सांगितलं होतं.